घुबडाचा पत्ता

नामाच्या फडताळात बशांसकट नऊ कप होते आणि रोज त्यातला एकच ओला व्हायचा. एकट्या माणसाला नऊ कप कशाला, असं कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं, की तुळजाने वज्रेश्वरीच्या जत्रेत हौसेने डझनभर घेतले होते, तीन फुटले, हे उरले. पण विचारायला आधी कोणी घरात यायला हवं ना! तुळजाला जाऊन तीन वर्षं होत आली होती. मुलगा भूपेश आणि सून रूपा काल्हेरला सातव्या मजल्यावर राहायला गेले होते. तिथून भूपेश दर रविवारी फोन करायचा, "जेवलात का बाबा?" विचारायचा, आणि नामा "जेवलो" म्हणायचा. कधीकधी जेवलेला नसायचाही.

पडघ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की नामाचं गाव. तिथून तो बावीस वर्षं दापोड्याला ड्युटीला गेला, एका गोडाऊनच्या गेटवर. ट्रक आला की गेटपास बघायचा, शिक्का मारायचा, मग दांडा वर. पास नसेल तर मालकाचा मेव्हणा आला तरी दांडा खाली. "ये नामाभाई आदमी नहीं, पत्थर है," असं ड्रायव्हर लोक चिडून म्हणायचे, आणि नामाला ते ऐकून मनातून बरं वाटायचं. रिटायर झाला तेव्हा त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून घर खायला उठलं.

कॅमेरा भूपेशचा. लग्नाच्या वेळी हौसेने घेतलेला, लांब नळकांड्याच्या भिंगासकट. हौस चार महिन्यांत फिटली आणि घर बदलताना कॅमेरा कपाटातच राहिला. नामाने एकदा धूळ पुसायला म्हणून काढला तो गळ्यातच अडकवला. मग काय! वराळा तलावावरची सकाळ, लोनाडची लेणी, माहुलीचे सुळके, भातकापणीनंतर खाचरात उतरलेले बगळे, तारेवरचा वेडा राघू, जे दिसेल ते. गावात लोक हसायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं तोंडावर म्हणायचे. नामा ऐकून घ्यायचा. घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बाहेर बगळ्याकडे बघत बसलेलं काय वाईट?

फोटो काढले की ते कोणालातरी दाखवावेसे वाटतात, इथेच सगळी गोम आहे. घरच्या ग्रुपवर टाकले की रूपा नुसता अंगठा पाठवायची. मग पडघ्याच्या बाजारात भेटलेल्या एका हौशी माणसाने त्याला 'पाखरं आणि परिसर' नावाच्या ग्रुपवर घेतलं. ठाणे, कल्याण, मुलुंडची माणसं, दोनशेच्या वर. ग्रुप चालवायचा मितेश नावाचा तरुण, ठाण्याला बँकेत होता. ग्रुपवर सगळ्यात वर त्याचा नियम लावलेला: 'घरट्याचे ठिकाण कोणीही सांगू नये, कोणीही विचारू नये.' नामाने तो नियम गेटवरच्या माणसाने वाचावा तसा दोनदा वाचला आणि त्याला मितेशबद्दल आदर वाटला. रोज सकाळी तो एक फोटो टाकायचा. लोनाडची लेणी टाकली तेव्हा दोन अंगठे आले. माहुली टाकली तेव्हा एक, आणि तोही चुकून दिला असावा, कारण नंतर काढून घेतला.

फिरायला बरोबर असायचा तो धाकल्या. डोंगराच्या पायथ्याला पाडा आहे, तिथला. लहानपणी याच धाकल्याने नामाच्या बापाची गुरं राखली होती, आता स्वतःच्या अकरा शेळ्या राखायचा. नामा कॅमेरा घेऊन निघाला की हा कुठूनतरी उगवायचा. कुठल्या उंबरावर हरियाल उतरलेत, कोणत्या ओढ्याला खंड्या बसतो, हे सगळं त्यालाच ठाऊक. दोघं तासन्‌तास बसायचे. नामा थर्मासमधला चहा काढायचा, आपल्यासाठी कपात, धाकल्यासाठी थर्मासच्या झाकणात. आणि रविवारी भूपेशने फोनवर विचारलं, "कोणाबरोबर गेला होतात?" की नामा म्हणायचा, "कोण असणार? एकटाच." नामा हे सांगत असताना धाकल्या दोन हातांच्या अंतरावर बसून शेळीच्या पायातला काटा काढत असायचा. त्याला ऐकू जायचं. पण नामाच्या ते कधी ध्यानात आलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी धाकल्याने चहाचं झाकण खाली ठेवलं आणि म्हणाला, "दादा, तुला एक दाखवायचं हाय. पण कोणाला सांगायचं न्हाय."

"मी कोणाला सांगणार रं? मला हाय तरी कोण?"

"म्हणून तर तुला दाखवतोय."

गावामागे दगडाची जुनी खदान आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी बंद पडली, तळाला पाणी साठलं, कडेला करवंदी माजली. धाकल्याने त्याला पलीकडच्या काठावर एका पळसाखाली बसवलं आणि समोरच्या कड्यातल्या एका कपारीकडे बोट केलं. नामाला दगड दिसले. दगडावर दगड, मागे दगड. मग त्यातल्या एका दगडाने डोळे उघडले. दोन मोठे नारिंगी डोळे, वर शिंगांसारखे दोन तुरे. शृंगी घुबडाची मादी अंड्यांवर बसली होती आणि सरळ नामाकडे बघत होती.

"आईशपथ!" एवढंच तो बोलला.

"हळू," धाकल्या म्हणाला. "या पळसाच्या पुढं जायचं न्हाय. माणूस जमला का ही उठते. आन दिवसाची उठली का कावळं तिला बसू देत न्हाईत. मग पिल्लां गेलीच. मी दोनदा बघितलंय."

"न्हाय जमणार कोणी. तुझी शपथ," नामा म्हणाला.

त्यानंतरचा महिना-दीड महिना नामाचा फार चांगला गेला. उजाडताना उठायचं, चहा करून थर्मासात भरायचा, पळसाखाली जाऊन बसायचं. धाकल्या शेळ्या वळवून यायचा. घुबड काही करायचं नाही, नुसतं बसायचं, हे दोघंही नुसते बसायचे. जानेवारीत पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडासारखी दोन पांढरी पिल्लं, आईच्या पोटाखालून डोकी बाहेर काढायची. धाकल्या तोंडावर हात ठेवून हसायचा. नामाला बऱ्याच दिवसांनी भूक लागायला लागली होती, झोपही येत होती. तो याला थंडीचा गुण समजला. माणूस आपल्याच सुखाच्या बाबतीत किती ढ असतो बघा!

फोटो त्याने पुष्कळ काढले, पण ग्रुपवर टाकले नाहीत. महिनाभर जीभ दाताखाली धरली. एका सकाळी मात्र आई आणि दोन्ही पिल्लं एकदम समोर बघत असलेला असा काही फोटो आला, की त्याला राहवेना. ठिकाण सांगितलं नाही म्हणजे झालं, असं स्वतःला समजावत त्याने तो टाकला.

झालं! दुपारपर्यंत शंभरावर लोकांनी वाहवा केली. 'काका, कमाल!' 'काका, दंडवत!' 'कोण आहेत हे नामाकाका?' भावना नावाच्या कल्याणच्या एका बाईंनी तर लिहिलं, की इतकी वर्षं फिरते आहे पण असं दृश्य नशिबात आलं नाही. नामाने ते प्रत्येक वाक्य चार-चार वेळा वाचलं. संध्याकाळी खुद्द मितेशचा फोन आला.

"काका, नमस्कार! कुठे लपला होतात इतके दिवस? तुमचा डोळा आहे हो डोळा. बरं, लोकेशन?"

नामा चाचरला. "ते... तुमचाच नियम हाय ना साहेब ग्रुपवर."

मितेश हसला. "अहो, तो पब्लिकसाठी. ग्रुपवर नका टाकू, मला पर्सनलवर टाका."

"बघतो," म्हणून नामाने फोन ठेवला. दांडा खालीच होता. बावीस वर्षांची सवय काय एका फोनने जाते?

पण पुढच्या आठवड्यात तुळजाचं श्राद्ध होतं. भूपेश आणि रूपा येणार होते. नामाने पहाटे उठून घर सारवल्यासारखं पुसलं, शेजारच्या रंजितावहिनींच्या हातापाया पडून वडे तळून घेतले, तुळजाला आवडायचं ते वालाचं बिरडं स्वतः केलं. नऊच्या नऊ कप धुऊन उपडे घातले. साडेदहाला भूपेशचा फोन आला. रूपाच्या मावसबहिणीचा साखरपुडा अचानक ठरला होता, बदलापूरला. "बाबा, संध्याकाळी जमलं तर येतो. तुम्ही पान ठेवून घ्या."

नामाने पान ठेवलं. पत्र्यावर ठेवून मागे सरकला नाही तोच कावळा आला, वड्याला चोच लावली. दुसरा आला, तिसरा आला. कावळ्यांना यायला वेळ होता, पोराला नव्हता. तो पानावर एकटा बसला, तेव्हा बिरड्याचा घास तोंडात फिरायला लागला. गिळवेना. रडू फुटलं आणि त्याने ते आवरलंही नाही, कोण होतं बघायला?

त्याच वेळी फोन वाजला. मितेश.

"काका, रागावलात की काय गरिबावर? मी आणि भावनाताई रविवारी तुमच्याकडेच येतो म्हणतोय. तुमच्या हातचा चहा पाजा. फोटोचं बघू नंतर."

तुमच्या हातचा चहा! नामाने नाक पुसलं. फडताळाखाली उपड्या घातलेल्या नऊ कपांकडे बघितलं. आणि बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, पास न बघता दांडा वर केला. गावाचं नाव, खदान, पळस, कपार, सगळं सांगितलं. बोलता बोलता आवाजात उत्साहही आला.

रविवारी ते दोघं आणि त्यांचा एक मित्र, असे तिघं आले. भावनाताईंनी पेढे आणले होते. त्यांनी भिंतीवरचा तुळजाचा फोटो बघून नमस्कार केला, "काकू किती छान दिसतात," म्हणाल्या. नामाला काय करू अन्‌ काय नको असं झालं. कपबशा निघाल्या, तांदळाच्या भाकऱ्या निघाल्या, सुकट निघाली. घरात चार माणसांचा आवाज झाला की भिंतीसुद्धा वेगळ्या वाटतात. मग तो त्यांना खदानीवर घेऊन गेला. तिघंही पळसाखाली शहाण्यासारखे बसले, फोटो काढले, हळू बोलले. बघ, चांगली माणसं आहेत, नामाने मनात धाकल्याला ऐकवलं. धाकल्या स्वतः वरच्या टेपाडावर शेळ्यांमध्ये उभा होता. नामाने हात केला. त्याने केला नाही. खाली काही आला नाही.

त्या रात्री भूपेशच्या फोनवर नामा पहिल्यांदा म्हणाला, "आज एकटा नव्हतो. पाहुणे होते माझे."

पुढच्या रविवारी अकरा जण आले. कप पुरेनात, स्टीलचे पेले काढावे लागले. त्याच्या पुढच्या रविवारी चार गाड्या लागल्या, आणि त्यातल्या दोन गाड्यांतली माणसं नामाच्या दारावरून सरळ खदानीकडे गेली. ती कोण हे मितेशलाही नीट माहीत नव्हतं. मितेशने एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, प्रत्येकाने 'पर्सनलवर'च. आता माणसं पळसाच्या पुढे गेली होती, करवंदी तुडवून काठापर्यंत. कोणीतरी मोबाईलवर घुबडाचा आवाज लावला, ती मान वळवून बघेना म्हणून. प्रितम नावाच्या एकाने डब्यातून पांढरा उंदीर काढला, त्याच्या पायाला बारीक दोरा बांधला आणि कपारीसमोरच्या दगडावर सोडला. ती झडप घालायला उडाली की पंख पसरलेला फोटो मिळतो म्हणे.

नामाने हे बघितलं. तो पुढे झाला, "अहो, हे..." एवढं बोललाही. तेवढ्यात मितेशने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "काका, या या, ग्रुप फोटो! काकांना मधे घ्या रे!" चौदा माणसांच्या मधोमध नामा उभा राहिला. दोन्ही खांद्यांवर दोन हात होते. इतक्या दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता हो. तो बोलायचं विसरला नाही, त्याने ते गिळलं. खोटं कशाला सांगू, तो हसलासुद्धा. त्या फोटोत तो हसतोय, मागे कपार दिसतेय.

फोटो निघत होता तेव्हाच ती उठली. भर अकराच्या उन्हात, हे एवढे पंख पसरून, आवाज न करता कड्यावरून गेली. "वा! वा! मिळाला!" असा गलका झाला. आणि कावळे आले. आधी दोन, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. त्यांनी तिला खदानीवरून हाकललं, शेताडीपर्यंत नेलं, झाडावर टेकू दिलं नाही, पार डोंगराकडे पिटाळलं. कपारीत दोन पिल्लं उघडी पडली. तरी तासभर फोटो चालले होते. नामाने दोनदा "आता चला, चला आता," म्हटलं. कोणी ऐकलं, कोणी नाही.

सगळे गेल्यावर तो पळसाखाली बसून राहिला. ती येईल, दिवस मावळला की येईल. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिथे हजर. कपारीत पिल्लं होती, ती नव्हती. दिवसभर फेब्रुवारीचं ऊन त्या दगडावर तापत होतं. पिल्लं चोची उघडून बसली होती. नामाने वळसा घालून कड्यावरून खाली उतरायचा प्रयत्न केला, गुडघा खरचटला, निम्म्यातून वर आला. कडा सरळ होता, आणि तो एकसष्ट वर्षांचा. धाकल्याला बोलवावं म्हणून पाड्यावर धावत गेला. धाकल्याची बायको गंगू अंगणात लाकडं फोडत होती. तिने नामाकडे बघितलंसुद्धा नाही.

"न्हाय घरी. रानात गेलाय."

"कधी येईल?"

"मला न्हाय सांगून गेला."

तिसऱ्या दिवशी एक पिल्लू कपारीच्या तोंडाशी पडलेलं होतं, त्याच्यावर मुंग्या. दुसरं दिसलंच नाही. घारीने नेलं असेल, काय झालं असेल, कोणास ठाऊक. नामाने कॅमेरा डोळ्याला लावून सगळी कपार पुन्हा पुन्हा बघितली. कॅमेऱ्याच्या भिंगातून मेलेलं पिल्लू फार जवळ दिसत होतं.

त्याने मितेशला फोन केला. पिल्लांचं सांगितलं.

"अरेरे," मितेश म्हणाला. "वाईट झालं. पण काका, निसर्ग आहे शेवटी. जगतात, मरतात. तुम्ही मनाला नका लावून घेऊ. पुढच्या वेळी काही असलं तर कळवा हां."

"या रविवारी येताय ना?" हे विचारताना नामाला स्वतःचीच लाज वाटली, पण विचारलं खरं.

"या रविवारी जरा अवघड आहे. तानसाला कोणीतरी नवं घरटं शोधलंय."

त्यानंतर कोणी आलं नाही. मार्चमध्ये मितेशचा पंख पसरलेल्या घुबडाचा फोटो कुठल्याशा स्पर्धेत पहिला आला. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. नामाने फोटो मोठा करून बघितला. उंदराच्या पायाचा दोरा पुसून टाकला होता. त्याने अंगठा दिला नाही, ग्रुपही सोडला नाही. सोडून जायचं कुठे?

धाकल्या भेटला तो थेट होळीच्या आधी, ओढ्याकाठी. नामाने ठरवलं होतं, पाय धरायचे, माफी मागायची. समोर आल्यावर तोंडातून भलतंच निघालं. "मला वाटलं, चार चांगली माणसं हायेत... मी एकटा पडलो होतो रं धाकल्या."

धाकल्या शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत होता.

"एकटा?" तो म्हणाला. "मग रोज मी कोणाजवळ बसत होतो, दादा?"

धाकल्याने शेळ्या हाकल्या. त्या दिवसापासून तो दुसऱ्या अंगाच्या रानात जायला लागला. नामाने पावसाळा घरात काढला. कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरली, ती त्याने कापसाने पुसली, पुरती निघाली नाही.

पुन्हा डिसेंबर आला. एका संध्याकाळी नामा ओट्यावर तांदूळ निवडत बसला होता आणि डोंगराच्या अंगाने आवाज आला. घुमणारा, खोल, एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. त्याच्या हातातलं सूप कलंडलं. आहे! जिवंत आहे, परत आलीय! हे सांगावं असं एकच माणूस होतं.

सकाळी त्याने थर्मास भरला, आणि फडताळातले दोन कप घेतले, चांगले, बशांसकट. खदानीत बघून आला. कपार रिकामी होती. मग पाड्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. शेळ्या आल्या, त्यामागे धाकल्या. डोक्याला फडकं बांधलेलं, आणि त्या फडक्यात एक पीस खोचलेलं. वीतभर लांब, मातकट, त्यावर काळे आडवे पट्टे. दीड महिना भिंगातून नामाने ती पिसं बघितली होती. ताजं होतं.

"धाकल्या, काल सांजेला आवाज ऐकला मी," नामा म्हणाला. "दिसली का रं कुठं?"

धाकल्याने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. गेटवर उभा असताना नामा जसा ट्रकवाल्यांकडे बघायचा, अगदी तसं.

"न्हाय दिसली, दादा."

नामाची नजर त्या पिसावर गेली. धाकल्याने ती नजर बघितली, आणि पीस काढलं नाही की लपवलं नाही. दोघंही ओळखून होते. नामाने कप काढला, त्यात चहा ओतला आणि बशीसकट धाकल्यापुढे धरला. इतक्या दिवसांत झाकणात चहा देताना जे एकदाही सुचलं नव्हतं ते आज सुचलं होतं.

"आताच पिऊन आलो," धाकल्या म्हणाला, आणि शेळ्यांमागे वळणावरून गेला.

नामा कप हातात धरून उभा होता, तेवढ्यात खिशात फोन वाजला. मितेशचा मेसेज. 'काका, सीझन सुरू! यंदा घुबड? ग्रुपवर नको, पर्सनलवर टाका.'

नामाने कप दगडावर ठेवला. एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नाही दिसलं,' आणि पाठवून दिलं. गेल्या साली एवढे दोन शब्द खोटे बोलला असता तर दोन्ही पिल्लं उडाली असती, आणि धाकल्या आता शेजारी बसला असता. या साली त्याने ते लिहिले, आणि ते खरे होते.